वीस फुटांवरची कुजबुज

"गुडघा उचलला. पुन्हा उचलला! खाली दाब त्याले."

गोंदिया जिल्ह्यातल्या दवनीवाड्यात, एका ओसरीत भाची भिंतीला पाठ टेकून, दोन्ही पाय समोर ताठ पसरून जमिनीवर बसली आहे. तिच्या तळपायांना लावून मामाजींनी एक फळी उभी धरली आहे आणि भिंतीपासून फळीपर्यंत गवंड्याची लोखंडी टेप ताणली आहे. धाकटा भाचा जमिनीवर जवळजवळ लोळूनच आकडा वाचतो, "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा."

पोरीचा चेहरा उतरतो. हवाई दलात पायलट व्हायचं तर पायाची लांबी किमान 99 सेंटिमीटर लागते, जास्तीत जास्त 120. चार मिलिमीटर कमी पडताहेत.

मामाजी टेप सोडत नाहीत. तिला बूड मागे सरकवायला लावतात, कमरेची पोकळी भिंतीला भिडेपर्यंत. मग गुडघ्यावर तळहात ठेवून दाब देतात. तिच्या पोटऱ्यांच्या शिरा ताणून वर येतात. "आता वाच बे."

"नव्व्याण्णव पॉइंट तीन."

"पाहा. हाड तेवढंच हाये. बसणं चुकत होतं."

मामाजी वायुसेनेत मेडिकल असिस्टंट होते. नोकरीची शेवटची वर्षं नागपुरात, वायुसेनानगरात गेली. आता गावात धानाची शेती करतात. आपण डॉक्टर नाही हे ते स्वतःच थोड्या थोड्या वेळाने बजावतात. पण टेपा, तक्ते, रक्ताच्या बाटल्या आणि त्यांच्यासमोर रांगेत घामाघूम झालेली तरणीताठी पोरं यांत त्यांचा जन्म गेला आहे. भाचीने हवाई दलाच्या प्रवेशाची एफकॅट ही लेखी परीक्षा काढली, म्हैसूरच्या सिलेक्शन बोर्डात मुलाखती आणि मैदानावरची कामं पार पाडली, आयुष्यात एकदाच देता येणारी संगणकावरची पायलट निवडचाचणीही निघाली. पुढच्या आठवड्यात बंगळुरूला मेडिकल. वैनगंगा एक्सप्रेसचं तिकीट काढून झालं आहे, गोंदिया ते यशवंतपूर. आज घरच्या घरी रंगीत तालीम चालली आहे आणि मी खुर्चीवर बसून ती पाहतो आहे.

आता स्टूल येतं. बसल्या उंचीचं माप. पाठ भिंतीला, मांड्या जमिनीला समांतर, नजर समोर. डोक्यावर पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवून मामाजी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारतात. बैठकीपासून रेघेपर्यंत 85. नियम 81.5 ते 96. मग त्याच स्टुलावर मांडीची लांबी, भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत. ही 64 च्या वर जायला नको. ती 56 भरते.

"मांडी लांब असली तर काय बिघडते?" भाचा विचारतो. तो कबड्डी खेळतो, बारावीत आहे, आणि त्याच्या मांड्या बघता प्रश्न स्वतःसाठीच असावा.

मामाजी स्टुलावर बसून दाखवतात. दोन्ही हात मांड्यांमध्ये खाली नेऊन कसली तरी कडी धरल्यासारखे वर ओढतात. "इजेक्शन. खुर्चीच्या खाली दारू भरलेली असते. खुर्ची पायलटसकट वर फेकली जाते. समोर घड्याळांचं पॅनेल. गुडघा पॅनेलच्या पुढे आला असला तर गुडघा तिथंच राहील, माणूस वर जाईल."

भाचा गुडघे जवळ घेतो.

या तपासणीचं मर्म मला इथेच, या स्टुलापाशी दिसतं. गावात समजूत अशी, की फौजेचं मेडिकल म्हणजे ताकदीची परीक्षा. छाती फुगव, दंड दाखव, धाव. मामाजींची टेप मात्र ताकद मोजतच नाही. विमानाची कॉकपिट आधी बनली आहे. तिच्यात बसेल असं अंग शोधायचं आहे. पाय आखूड तर रडर पेडलपर्यंत पोचत नाही. धड उंच तर डोकं छताला लागतं. उभी उंची किमान 162.5 सेंटिमीटर हवी, आणि भाची सकाळी 163.4 होती. संध्याकाळी मोजली तर सेंटिमीटरभर कमी भरेल, कारण दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात. "म्हणून आदल्या रात्री गाडीत बसून जायचं नाही. एक दिवस आधी पोचायचं, झोपायचं, सकाळी मोजायचं," मामाजी सांगतात. तिची आई स्वयंपाकघरातून ओरडते, "तिकीट तसंच काढलं हाये जी!"

मणक्यांवर मामाजी बराच वेळ रेंगाळतात. छातीचा एक्स-रे सगळ्यांना ठाऊक असतो. पायलटच्या उमेदवाराच्या कमरेचाही एक्स-रे निघतो, समोरून आणि बाजूने. कणा वाकडा आहे का, एखादा मणका पुढे सरकलाय का, जन्मतःच कुठे जोड अपुरा राहिलाय का. यातल्या कितीतरी गोष्टी आयुष्यभर दुखत नाहीत. त्या घेऊन माणूस धानाची पोती उचलतो, पोरं वाढवतो, म्हातारा होतो. पण खुर्ची उडते तेव्हा अंगाचं वजन क्षणभरासाठी दहापटीच्याही वर जातं आणि ते सगळं त्या कण्यावर येतं. इजेक्ट होऊन खाली आलेला पायलट स्वतःच्या पायांनी चालत येत असला तरी त्याला चालू देत नाहीत. आडवा करतात, स्ट्रेचरवर घेतात, आधी पाठीचा एक्स-रे. मामाजींनी अशी स्ट्रेचरं उचलली आहेत. मिग-21 चे ते दिवस होते. ते विमान 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला निवृत्त झालं तेव्हा मामाजी दुपारभर टीव्हीसमोरून हलले नाहीत, असं त्यांची बहीण सांगते.

"आणि हे?" भाची मोबाइल पुढे करते. पडद्यावर एका पायलटचा चेहरा. गाल कानांकडे ओढले गेले आहेत, डोळे अर्धवट मिटलेले. मोठ्या गिरक्या घेणाऱ्या यंत्रात त्याला बसवलं आहे. "हे करतात का तिथं?"

"सेंट्रिफ्यूज. हाये तिथं. पण तुह्यासाठी नाही."

बंगळुरूची ती संस्था 1957 मध्ये स्कूल ऑफ एव्हिएशन मेडिसिन म्हणून सुरू झाली. आता इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. गगनयानाचे अंतराळवीर निवडताना वैमानिकांच्या तपासण्या तिथेच झाल्या. सेंट्रिफ्यूज आहे, हवेचा दाब कमी करून उंचीचा आभास देणारी बंद खोली आहे. पण नव्या उमेदवाराला त्यांत घालत नाहीत. ती यंत्रं पुढची, विमान उडवायला लागल्यानंतरची. उमेदवाराला मिळते ती रांग. उपाशीपोटी रक्त, लघवी, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, दात, कान, डोळे, सर्जन, फिजिशियन, मुलींसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, हातात कागदांचं पाकीट, छातीवर नंबर. काही दिवस चालतं.

"कपडे काढायला लावतात म्हणे," आई दारात येऊन हळूच विचारते. हा प्रश्न ती केव्हाची धरून बसली असावी.

"लावतात. लेडी डॉक्टर असते. मी सांगून राहिलो न, लाजायचं काम नाही. तिथं अंग म्हणजे अंग." मामाजींचा आवाज एकदम सरकारी होतो. "पाय जुळवून उभं करतील. गुडघे एकमेकांना लागून घोटे किती लांब राहतात ते पाहतील. तळवा सपाट हाय का. कोपर किती बाहेर वाकते. दात मोजतील, चौदा डेंटल पॉइंट लागतात."

आई पोरीच्या तोंडाकडे पाहते, जणू आत्ताच मोजणार आहे.

---

अंगणात चुना आणि दोरी. मामाजी आणि भाचा वीस फूट मोजताहेत. 610 सेंटिमीटर असं नियमात आहे. मामाजींच्या तोंडी मात्र वीस फूटच. एका टोकाला तुळशीवृंदावन, दुसऱ्या टोकाला धानाचं पुंजणं. धान कापून झालं आहे, चुरायचं बाकी आहे, आणि पलीकडच्या वावरात कुणाचं तरी थ्रेशर धडधडतंय.

भाची पुंजण्याकडे तोंड करून उभी राहते. डाव्या कानाच्या भोकावरची कुडी दाबून तिने तो कान बंद केला आहे. तुळशीपाशी उभे मामाजी श्वास पूर्ण सोडून देतात आणि उरलेल्या हवेत काहीतरी पुटपुटतात. मी त्यांच्या शेजारी आहे, मला ऐकू येतं. तिला?

"सत्तावन्न," ती म्हणते.

पुन्हा पुटपुट.

"तिरोडा."

पुन्हा.

थ्रेशर मध्ये येतं. ती थांबते. "नाही आलं."

"बराबर. नाही आलं तर नाही आलं म्हणायचं. अंदाज नाही मारायचा." मामाजी खूश आहेत. "पोरं काय करतात, काहीतरी ठोकून देतात. डॉक्टर खुळा असते का? तो मुद्दाम अर्धाच शब्द बोलते."

मग कान बदलून तेच. कुजबुजीनंतर तिथे हेडफोन लावून ऑडिओमेट्री होते. वेगवेगळ्या पट्टीच्या आवाजांत 20 डेसिबलपेक्षा जास्त उणीव चालत नाही. पण अनेकांची गाडी त्याच्याही आधी अडते, मळावर. कानात घट्ट बसलेला मळ असला तर पडदा दिसत नाही, आणि पडदा पाहिल्याशिवाय डॉक्टर पुढे सरकत नाहीत. भाचीने गोंदियात कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून कान साफ करून घेतले आहेत. तिने तिथल्या चिठ्ठीवरची तारीख दाखवल्यावरच मामाजींचं समाधान होतं. "घरी काडी घालून काढला असता तर पडद्यालेच लागलं असतं," ते भाच्याकडे बघून म्हणतात. भाच्याच्या खिशात काडी असल्यासारखा तो चुळबुळतो.

कानाचा पडदा नुसता शाबूत असून भागत नाही, तो हललाही पाहिजे. मामाजी तिला नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच फुंकायला लावतात. कानात टक् होतं का? होतं, ती मान हलवते. विमान वेगाने खाली येतं तेव्हा बाहेरचा दाब वाढतो. नाकामागची वाट सर्दीने किंवा वाकड्या नाकपडद्याने बंद असली तर आतला दाब त्याच्याशी जुळत नाही आणि कान फुटायला येतो. म्हणून सर्दी झाली असेल तर मेडिकलला जाताना ती लपवायची नाही, बरी करायची. थंडी पडली आहे आणि तिची आई आजपासूनच तिच्या हातून बर्फाचा गोळा, दही, सीताफळ सगळं काढून घेणार आहे.

वरून घरघर येते. भाचा सवयीने वर पाहतो. "बिरशीचं."

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. आता तिथे वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आहे आणि तिची छोटी विमानं गोंदिया-बालाघाटच्या आभाळात दिवसभर घिरट्या घालतात. या भागातल्या पोरांना विमानाचं अप्रूप नाही. कोणतं डाव्या वळणावर आहे, कोणतं उतरायला निघालंय, हे ती आवाजावरून सांगतात. त्या संस्थेतली मुलं एअरलाइनकडे जातात. त्यांचं मेडिकल वेगळं, नियम वेगळे, चष्मा चालतो. भाचीला तिथे जायचं नव्हतं. एक तर तिथली फी, आणि दुसरं, 2020 मध्ये नागपूरची अंतरा मेहता लढाऊ विमानांची पायलट झाली तेव्हा ही शाळेत होती. ती बातमी कापून तिने वहीत चिकटवली आहे.

आई वर बघत नाही. "हे इथंच पडलं होतं," ती मला सांगते. एप्रिल 2017. बिरसीचं शिकाऊ विमान वैनगंगेवरच्या तारेला अडकून नदीत कोसळलं होतं. शिकणारी मुलगी आणि शिकवणारे, दोघंही गेले. "आमच्या गावची मानसं पाहायले गेली होती. मी नाही गेली."

कुणी काही बोलत नाही. मग मामाजी म्हणतात, "चल, डोळे."

---

डोळ्यांसाठी घरात काही करण्यासारखं नाही, हे मामाजींना मान्य आहे. तरी ते तक्ता लावतात. मेडिकल दुकानातून आणलेला, कोपरे मुडपलेला. एका डोळ्याने 6/6, दुसऱ्याने किमान 6/9, आणि तोही भिंगाने 6/6 होण्याजोगा. पायलटला मायनस नंबर चालत नाही. प्लसला थोडी सवलत आहे. बारावीनंतर एनडीएतून येणाऱ्या मुलांना लेसरने नंबर काढून हवाई दलात येता येत नाही. पदवीनंतरच्या प्रवेशांत काही अटींवर येता येतं. भाचीला नंबर नाही. ती शेवटची ओळ न अडखळता वाचते, आणि भाचा पाठ केलेली असल्यासारखा तिच्या आधीच ओठ हलवतो. त्याने ती खरोखरच पाठ केली आहे. मामाजी तक्ता उलटा टांगतात.

"थेंब घालतील. बाहुली मोठी होईल. मग चार-सहा तास मोबाइलवरचं अक्षर दिसणार नाही, ऊन सोसणार नाही. घाबरायचं नाही. तेव्हाच खरा नंबर कळते. पोरं डोळे बारीक करून, ताण देऊन वाचतात न, ते थेंबानं बंद पडते."

रंगांचं वेगळं. ठिपक्यांमधला आकडा ओळखायची ती पुस्तिका आता सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेली असते, आणि ती मोबाइलवर पाहण्याला काही अर्थ नाही, कारण पडद्याचे रंग भलतेच. हवाई दलाचा भर कंदिलावर आहे. मार्टिन लँटर्न. अंधाऱ्या खोलीत सहा मीटरवर एका डब्याच्या बारीक भोकांतून दोन दिवे दिसतात, सुईच्या टोकाएवढे. लाल-हिरवा, हिरवा-पांढरा, पांढरा-पांढरा, कुठलीही जोडी. पटकन सांगायचं. विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा, उजव्या पंखावर हिरवा, शेपटीवर पांढरा. रात्री समोरचं विमान आपल्याकडे येतंय की आपल्यापासून दूर जातंय, हे त्या ठिपक्यांवरून कळतं. भाची हे ऐकते आणि हसते. तिला ते लहानपणापासून ठाऊक आहे, बिरसीच्या विमानांवरून.

आजी इतका वेळ उन्हात खाटेवर बसून आहे. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण, निळसर पडलेलं, सुरकुत्यांत अर्धं हरवलेलं. ती अचानक विचारते, "आन् हे?" आणि नातीच्या खांद्याकडे बोट दाखवते.

सगळे थबकतात. भाचीच्या दंडाच्या वर, बाहीखाली, तीन ठिपके आहेत. लहानपणी मंडईच्या जत्रेत आजीनेच गोंदवून घेतले होते. कुणाच्या लक्षातच नव्हते.

मामाजी जवळ जाऊन पाहतात. नियम असा, की कायमचं गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला असेल तर चालतं. बाकी अंगावर नाही. आदिवासी समाजाच्या चालीरीतीतलं गोंदण असेल तर प्रत्येक उमेदवाराचं वेगळं पाहून परवानगी देतात. आजीचं माहेर गोंडांचं नाही, पण गोंदण या भागात कुणा एका जातीचं राहिलेलं नाही. ते सवलतीत बसतं का, हे मामाजींना ओसरीत बसून ठरवता येत नाही. ते वहीत लिहून घेतात: निवडसमितीच्या पत्त्यावर आज विचारायचं. "पुसायचं म्हणून लेसर करायले धावू नको. कातडीवर डाग उठला तर तोच पाहतील."

आजी म्हणते, "तीन टिपक्यांनं इमान पडते का?"

मला तिचा मुद्दा पटतो. मामाजींनाही पटतो, पण ते तो वहीत लिहीत नाहीत.

---

दुपार कलते. चहा येतो. भाचा मनगटावर मनगट ठेवून बसला आहे. त्याचीही मापं घेऊन झाली. उंची 176, पाय 108, मांडी 60, छाती पाच सेंटिमीटरपेक्षा कितीतरी जास्त फुगते. एनडीएचा फॉर्म तो भरणार आहे. घरात तोच खरा तगडा, असं सगळ्यांच्या नजरेत दिसतं.

"तुही सोल्युबिलिटी झाली का?" मामाजी कपावरून मान न उचलता विचारतात.

"काय?"

"सिकलसेल. बोटातून रक्त घेतात ते."

नाही झाली. शाळेत आरोग्य खात्याची माणसं आली होती तेव्हा तो कबड्डीच्या स्पर्धेला तुमसरला गेला होता. भाचीची झाली आहे, निगेटिव्ह आहे, कागद फाइलमध्ये आहे.

"आपल्या घरात नाही बाप्पा कोणाले," आई लगेच म्हणते.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर. पूर्व विदर्भाचा हा पट्टा सिकलसेलचा आहे. आईवडील दोघांकडून दोष आला तर एसएस, म्हणजे आजार: सांधे धरतात, कावीळ होते, रक्त चढवावं लागतं. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाला एरवी काही होत नाही. तो कबड्डी खेळतो, रोवणी करतो, चार मजले चढतो आणि लग्नाच्या वेळी रक्त तपासल्याशिवाय त्याला कळतही नाही. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून देशव्यापी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, 2047 चं उद्दिष्ट ठेवून. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. तेव्हापासून इथल्या आरोग्य केंद्रांत ही बोटाची चाचणी रोजचीच झाली आहे.

उंचीवर हवा विरळ होते, प्राणवायू कमी पडतो, आणि सिकलचा अंश असलेल्या लाल पेशी अशा वेळी आकार बदलू शकतात. वाहकांनाही फार उंचीवर प्लीहेत दुखणं उद्भवल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीने याच भीतीने वाहकांना दारं बंद ठेवली होती. 1981 मध्ये ती बंदी उठली. आपल्याकडे रक्तातले हे आनुवंशिक दोष भरतीच्या नियमांत अजून अपात्रतेच्या यादीत आहेत, थॅलेसेमियाचा नुसता वाहकसुद्धा. नियम बरोबर की चूक यावर डॉक्टरांत वाद आहेत. पण या पट्ट्यातल्या पोराला तो वाद बंगळुरूच्या काउंटरवर पहिल्यांदा कळू नये, एवढी मामाजींची तळमळ आहे. दोन वर्षं क्लास, कर्ज, लेखी, मुलाखत, सगळं निघतं आणि मग एका बाटलीतलं रक्त सांगतं की नाही. आणि गावात परतल्यावर लोक विचारतात, "काय रोग निघाला?" रोग निघालेला नसतो. अनफिट एवढाच शिक्का असतो, पण लग्न जुळवताना तोच शिक्का आडवा येतो.

"जाऊन ये आत्ता. आरोग्य केंद्र उघडं हाये," मामाजी म्हणतात.

"आत्ता?"

"मंग काय एनडीएत गेल्यावर?"

भाचा सायकल काढतो. आई त्याच्या मागे दोन पावलं जाते, परत येते, आणि चहाचे कप गोळा करायला लागते. कप तिच्या हातात एकमेकांवर वाजतात.

---

उरतो तो फॉर्म. बंगळुरूत पहिल्याच दिवशी भरून घेतात तो जाहीरनामा मामाजींनी आठवून वहीत उतरवला आहे, म्हणजे तिथे पेन हातात घेऊन विचार करत बसायला नको. क्षय झाला होता का, दमा, कानातून पू, डोक्याला मार, मोडलेलं हाड, शस्त्रक्रिया, बेशुद्धी, झटके, गाडी लागते का. घरात कुणाला मधुमेह, मिरगी, मानसिक आजार. खाली सही.

भाची एकेक वाचत जाते, नाही, नाही, नाही. "झटके" वर येते तेव्हा आई स्वयंपाकघरातूनच म्हणते, "नाही लिव."

आवाज जरा जास्तच लवकर आलेला असतो. मामाजी वही बंद करतात.

थोडं थोडं करून बाहेर येतं. पोरगी लहान असताना ताप डोक्यात गेला होता. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, दातखिळी बसली. बैलगाडीत नाही, कुणाच्या तरी जीपमध्ये घालून नेलं. इंजेक्शनं दिली, दोन दिवसांत घरी आली. पुन्हा कधी काही झालं नाही. भाचीला आठवतसुद्धा नाही. ती आईकडे अशी बघते की जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चालली आहे.

"नाही लिवायचं," आई ठामपणे म्हणते. "कोणाले माहीत हाये? गावात कोणालेच माहीत नाही. तिनं इतकं केलं आन् एका तापापायी..."

"ताई," मामाजी बहिणीला म्हणतात. हाक मारून गप्प राहतात. मग म्हणतात, "तापात आलेला लहानपणचा झटका आणि मिरगी, यांत डॉक्टर फरक करते. वय विचारते, ताप होता का विचारते, किती वेळा विचारते. फार तर डोक्याला तारा लावून ईईजी काढतील. त्यातून काही निघालं तर निघालं. टेम्पररी म्हटलं तर उपचाराले वेळ देतात, पर्मनंट म्हटलं तर अपील हाये, बेचाळीस दिवसांच्या आत. पण लपवून सही केली आणि पुढं कळलं, तर अपील नाही."

"आन् नाही कळलं तर?"

"तर ही एकटी विमानात असंल. मागच्या सीटवर कोणी नसंल."

आई भाचीकडे पाहते. भाची काही सुचवत नाही, नुसती टोपण काढलेलं पेन धरून बसली आहे.

बऱ्याच वेळाने आई ओल्या हातांनीच वहीजवळ येऊन बसते. "पावसाळा होता," ती म्हणते. "रोवणी चालू होती. मी चिखलात होती, तुह्या आजीनं हाक मारली."

"साल?" मामाजी.

"ही पाच वर्षांची. अंगणवाडीतून नाव काढलं त्याच साली."

"2009. जुलै लिही," मामाजी भाचीला सांगतात. "एकदाच झाला, तापात. दवाखान्याचं नाव काय ताई?"

"बालाघाटचा होता. नाव पाहा लागंल. कागद असंल पेटीत, मी फेकलं नाही काही."

ती पेटी ओढायला उठते. रकाना बोटभर रुंदीचा आहे, इतकं सगळं त्यात मावत नाही. मामाजी भाचीला पान उलटायला सांगतात, आणि आतून पेटीच्या कडीचा आवाज येतो, मग आईचा: "इंजेक्शनाचं बिल पाहिजे का, का नुसती चिठ्ठी चालते?"